पूर्णांकापासून किती दूर

नेहरू प्लेसला असेंबल केलेला संगणक घ्यायला गेलं की दुकानदार विंडोज उघडून दाखवतो, एखादं गाणं लावतो आणि म्हणतो, ‘देख लीजिए, एकदम मक्खन!’ दिल्लीतला बराचसा संगणकव्यवहार या मक्खनवर चालतो. ज्याला त्यापुढची खात्री हवी असते तो घरी येऊन प्राइम95 उतरवून घेतो आणि त्यातली ‘टॉर्चर टेस्ट’ लावतो. नाव रांगडं आहे, पण आतली कारागिरी फार नाजूक.

जॉर्ज वोल्टमन यांनी 1996 साली मर्सेन मूळसंख्या (2 च्या एखाद्या घातातून 1 वजा करून मिळणाऱ्या मूळसंख्या) शोधण्याचा सामूहिक प्रकल्प सुरू केला, त्यातला हा प्रोग्राम. शोधाची मूळ कृती चार ओळींत मावते. 4 पासून निघा, वर्ग करा, 2 वजा करा, जिची परीक्षा चालली आहे त्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा वर्ग. असं लाखो वेळा. मध्येच कुठे एक बिट उलटला की पुढची सगळी मेहनत पाण्यात. म्हणजे यंत्राला कामाला जुंपण्याआधी त्याची पारख करणं आलंच.

ही पारख दोन प्रकारे होते. पहिला प्रकार साधा: उत्तरं आधीच ठाऊक असलेली गणितं घालायची आणि शेवटी ताळा बघायचा. दुसऱ्या प्रकारात मात्र खरी दाद देण्याची जागा आहे. एवढाल्या संख्यांचे गुणाकार शाळेतल्या रीतीने करत बसलं तर जन्म पुरणार नाही, म्हणून फूरिये रूपांतराची वाट धरतात. ती वाट दशांश अपूर्णांकांतून जाते. शेवटी हाती पूर्णांकच यायला हवा, पण वाटेतल्या काटछाटीने तो किंचित हलतो. 7 च्या जागी 7.02 येतं. प्रोग्राम त्याला 7 वर नेऊन बसवतो आणि किती सरकवावं लागलं, तेही मोजतो. जवळच्या पूर्णांकापासून कोणतीही संख्या 0.5 पेक्षा लांब असूच शकत नाही. हे अंतर 0.4 च्या पुढे गेलं की प्रोग्राम थांबतो आणि हार्डवेअरमध्ये दोष असल्याचं स्वच्छ सांगतो. पडदा निळा झालेला नसतो, यंत्र वरवर ठणठणीत असतं. पण गवई पुरता बेसूर होण्याआधीचा कणसूर पकडला गेलेला असतो.

याउलट ग्राफिक्स कार्डाची परीक्षा घेणारा फरमार्क. पडद्यावर केसाळ कडं गरगरतं, ग्राफिक्स कार्ड तापतं, पंखे घोंघावतात. तमाशा झकास, पण चूक झाली का हे आपल्याच डोळ्यांनी शोधायचं.

प्राइम95 सोबतची सूचनांची फाइलही वाचण्यासारखी आहे. परीक्षा 6 ते 24 तास चालवा, असं वोल्टमन सांगतात. चूक सापडली तर तिच्याकडे काणाडोळा करावा का, हा प्रश्नही ते स्वतःच काढतात आणि दोन्ही पंथांची बाजू न रागावता मांडतात.

दिल्लीकराने यात ऋतूची भर घालावी. पंख्याने थंड होणारी चिप खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली 15 अंशांनी तापली की चिपही साधारण तितकीच चढते. जानेवारीत उत्तीर्ण झालेल्या यंत्राची मे महिन्यातली हमी कुणी देऊ नये. शिवाय 95 ते 100 अंशांच्या आसपास बरेच प्रोसेसर आपणहून वेग उतरवतात. गणितं बरोबर सुटतात, परीक्षा पास, आणि गाडी मात्र पहिल्या गिअरमध्ये! म्हणून तापमानाबरोबर वेगाचा आकडाही बघावा. तापमानाच्या आकड्यावर तरी किती विसंबावं? 29 मे 2024 रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित हवामान केंद्राने 52.9 अंश दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. पुढे हवामान खात्याने तपासलं तर तिथला सेन्सरच 3 अंश जास्त दाखवत होता.

प्राइम95 ने खुद्द इंटेललाही पेचात पकडलंय. स्कायलेक प्रोसेसर 14,942,209 या घातांकावर काम करताना गोठायचे. 2016 च्या जानेवारीत इंटेलने दोष मान्य केला आणि बायॉस अपडेटमधून दुरुस्ती दिली.

या परीक्षेत उणीव एक आहे. सगळे कोर एकदम राबवले की आजचे प्रोसेसर वेग आणि व्होल्टेज दोन्ही खाली आणतात. एकटा कोर सर्वांत वरच्या वेगाला जातो तो हलक्या कामात, ब्राउझर उघडताना वगैरे, आणि अतिउत्साहाने व्होल्टेज कापलेलं यंत्र नेमकं तिथेच आडवं होतं. त्यासाठी कोरसायकलर वापरावा: तो हेच प्राइम95 एकेका कोरवर आळीपाळीने चालवतो.