चित्राला भिंत मिळाली, गाण्याला घर हवे

महाराष्ट्रातील बाहुल्यांच्या खेळाची आजची स्थिती पाहायची, तर यवतमाळच्या माणसाला राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला जावे लागते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावात 'ठाकर आदिवासी कला आंगण' नावाचे छोटेसे संग्रहालय आहे. परशुराम विश्राम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गुरांच्या गोठ्यातच ते मांडले. चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि या साऱ्यांसोबत वाजणारी वाद्ये तिथे एका छपराखाली आहेत. २०२१ साली गंगावणे यांना पद्मश्री मिळाली आणि आडवाटेचा हा गोठा साऱ्या देशाला ठाऊक झाला.

पिंगुळी पाहून आनंद होतो, तसा एक प्रश्नही मागे लागतो. या कलेतले वाचले ते काय, आणि सुटत चालले आहे ते काय? माझे मत स्पष्ट आहे. डोळ्यांना दिसणारी अर्धी कला आपण बऱ्यापैकी वाचवली आहे. कानांनी ऐकायची उरलेली अर्धी मात्र ओंजळीतून निसटते आहे.

हे समजण्यासाठी चित्रकथी सादर कशी होते ते पाहावे लागेल. एका आख्यानाची कागदी चित्रे क्रमाने लावलेली असतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली. या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. ठाकर कलावंत मांडी घालून बसतो, एकेक चित्र समोर उभे करतो आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीवर रामायण-महाभारतातला प्रसंग गातो, सांगतो, मध्येच पात्रांचे बोल बोलतो. चित्रातली माणसे जागची हलत नाहीत. त्यांना चालवतो, रडवतो, लढवतो तो गाणाऱ्याचा आवाज. चित्र उलटायचे केव्हा, थांबायचे कुठे, समोरच्या गावकऱ्यांना कुठल्या प्रसंगावर रेंगाळू द्यायचे, हे सारे त्या आवाजाच्या हाती असते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे. इतका जुना हा धंदा पहिल्यापासून सांगणाऱ्याचाच आहे.

कळसूत्री बाहुल्यांचेही तेच. पिंगुळीच्या लाकडी बाहुल्यांना पाय नसतात. घोळदार वस्त्रामुळे ती उणीव झाकून जाते. दोऱ्या थोड्या, हालचालीही मोजक्या. एवढ्या तोकड्या साधनातून राजा, राक्षस, नर्तकी वेगळी कळते ती गाणे, बोलणे आणि तालाच्या जोरावर. छायाबाहुल्यांच्या खेळात पांढऱ्या पडद्यामागे दिवा असतो आणि चामड्याची आकृती पडद्याला टेकवून धरतात. दहातोंड्या रावणाची सावली नुसतीच आली, तर ती नक्षी. हुंकार देत आली की पोरे आईला बिलगतात.

या कलांना पूर्वी आधार होता तो देवळांचा आणि सावंतवाडी संस्थानाचा. ठाकर कुटुंबांना गावे आणि देवळे नेमून दिलेली होती. ठरलेल्या उत्सवात ठरलेल्या घराने खेळ करायचा, गावाने त्याचा मान द्यायचा. म्हणजे खेळाला जागा, दिवस आणि प्रेक्षक हे तिन्ही आधीच पक्के होते. संस्थाने गेली, रात्री जागवणारी दुसरी करमणूक गावात आली आणि ही घडी विस्कटली.

त्यानंतर संग्राहक आले, अभ्यासक आले. त्यांचे ऋण मोठे आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात या परंपरेची जुनी चित्रे आहेत. 'पैठण चित्रे' म्हणून ती जगभरच्या अभ्यासकांना माहीत झाली. मणी कौल यांनी सत्तरच्या दशकात 'चित्रकथी' हा लघुपट केला. पण याच काळात चित्र हळूहळू पोथीतून सुटे झाले. सुटे चित्र चौकटीत बसते, दिवाणखान्यात लागते, त्याला किंमत येते. गाण्याला चौकट नसते, त्यामुळे त्याला गिऱ्हाईकही नसते. साहजिकच नव्या पिढीतला हुशार मुलगा आधी कुंचला उचलतो. यात त्याचा दोष नाही. चूल चालवायची असते. पण पोथीतल्या चित्रांचा क्रम, त्या क्रमाचे आख्यान आणि त्या आख्यानाच्या चाली ज्यांच्या गळ्यात आहेत, असे लोक कमी होत जातात.

पिंगुळीच्या संग्रहालयाचे मोल इथे कळते. तिथे वस्तू दाखवणारे आणि खेळ करणारे हात एकाच घरातले आहेत. काचेमागच्या बाहुलीची बहीण दुसऱ्या क्षणी दोरीवर नाचताना दिसते. मोठ्या शहरांतल्या सरकारी दालनांना हे साधलेले नाही. उणीव आहे ती पुढच्या टप्प्याची. बाहेरगावचा पाहुणा तासाभरासाठी येतो, म्हणून त्याला खेळाचा तुकडा दाखवावा लागतो. अख्खे आख्यान, त्याचे चढउतार, उत्तररात्री बदलणारा सूर, हे त्या तुकड्यात मावत नाही. तुकडाच करत राहिले, तर करणाऱ्यालाही पुढे तुकडाच येईल. एका कुटुंबाने आपल्या अंगणात जेवढे करायचे, त्याहून कितीतरी जास्त गंगावणे यांनी केले. पूर्ण प्रयोग उभा राहील अशी व्यवस्था करणे हे आता शासनाचे आणि समाजाचे काम आहे.

शहरी बाहुलीनाट्याचा हिशेब वेगळा लागतो. मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केले हे आपण शाळेत शिकतो. त्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या हे फारसे सांगितले जात नाही. त्या बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांनी पुन्हा रंगमंचावर आणल्या. रामदासांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांनी १९१६ मध्ये अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याला जन्म दिला, आणि शंभरी ओलांडलेले हे पात्र अजून बोलते आहे. 'झपाटलेला' (१९९३) मधला तात्या विंचू हा बाहुला रामदास पाध्यांनी घडवला आणि दिलीप प्रभावळकरांच्या आवाजाने तो घराघरांत पोचला. शब्दभ्रमकलेत बाहुली आणि आवाज वेगळे काढताच येत नाहीत, म्हणून ही पात्रे लोकांच्या मनात टिकली. पण एका घराण्याच्या कर्तबगारीवर उभी असलेली कला म्हणजे परंपरा नव्हे. पाध्यांच्या तोडीचे दुसरे नाव महाराष्ट्रात पटकन आठवत नाही, यातच त्या कलेची आजची अवस्था कळते.

मराठीचा आणखी एक धागा आपण जवळजवळ विसरलो आहोत. आंध्र-तेलंगणातील 'तोलु बोम्मलाटा', कर्नाटकातील 'तोगलु गोंबेयाटा' आणि तमिळनाडूतील चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या अनेक कुटुंबांत घरची बोली मराठीच्या वळणाची आहे. तमिळनाडूतल्या मंडळींचा संबंध तंजावरच्या मराठ्यांशी जोडला जातो. पडद्यावर तेलुगू, कन्नड, तमिळ आणि पडद्यामागे घरच्यांशी मराठी, अशी ही माणसे दक्षिण भारतात पिढ्यान्‌पिढ्या रामायण सांगत आली आहेत. त्यांना एकदा पिंगुळीच्या ठाकरांसमोर बसवावे, दोघांचे खेळ सलग पाहावेत, हे मराठी नाट्यसंस्थांना अजून सुचलेले नाही.

संग्रहालय आणि रंगमंच एकत्र चालू शकतात, याचे दाखले आहेत. उदयपूरला देवीलाल सामर यांनी १९५२ साली भारतीय लोककला मंडळ स्थापन केले. तिथे बाहुल्यांची दालने आहेत आणि लागूनच कठपुतळीचे नियमित खेळ होतात. इटलीत पालेर्मोला अंतोनियो पास्कालिनो यांनी १९७५ मध्ये बाहुल्यांचे आंतरराष्ट्रीय संग्रहालय उभे केले. सिसिलीच्या 'पुपी'चे खेळ त्याच आवारात होतात. दोन्ही ठिकाणची गोष्ट साधी आहे. खेळाची वेळ ठरलेली आहे, तिकीट आहे, आणि कलावंताला महिन्याचा हिशेब मांडता येतो.

आता यवतमाळकडे येतो. आमच्या जिल्ह्यात बाहुल्यांची परंपरा सांगता येईल अशी नाही. पण ज्या आवाजासाठी हा लेख लिहितो आहे, तो इथे भरपूर आहे. गोंडांच्या देवादिकांच्या आणि वीरांच्या कथा गाणारे परधान या जिल्ह्यात मोठ्या संख्येने आहेत. किंगरी हे त्यांचे वाद्य. कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, दंडार हा नाचगाण्याचा खेळ होतो. पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या बाजूला दिवाळीत घुसाडी नर्तक मोरपिसांचे टोप घालून नाचतात, आणि ज्या वर्षी गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी मार्लावाईचे घुसाडी कलावंत कनक राजू यांनाही ती मिळाली. नदीच्या अलीकडच्या अशा कलावंतांची साधी नोंदही आमच्या जिल्ह्यात एका जागी मिळत नाही.

परधानांचेच उदाहरण सावध करणारे आहे. मध्य प्रदेशातील पाटणगढचे जनगढसिंह श्याम हे परधान. १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवनाशी जोडले गेल्यावर त्यांची चित्रे जगभर गेली आणि 'गोंड चित्रकला' हे नाव रूढ झाले. त्या चित्रांचे तेज कोणीही नाकारणार नाही. तरी गाणाऱ्यांच्या जमातीची जगाला ओळख झाली ती चित्रांमुळे, आणि गाणे मागच्या बाकावर गेले. पिंगुळीत जे घडले, तेच वेगळ्या वाटेने तिथेही घडले.

म्हणून यवतमाळात उद्या लोककलांचे दालन उभे राहणार असेल, तर माझी मागणी अशी आहे. पहिली वीट रंगमंचाची ठेवा. शंभर माणसे जमिनीवर बसतील एवढी, हवा तेव्हा अंधार करता येईल अशी खोली पुरे. तिथे किंगरीवाल्या परधानाला अख्खी कथा गाऊ द्या, आणि ती पूर्ण ध्वनिमुद्रित करा. पिंगुळीच्या मंडळींना वर्षातून एकदा बोलवा आणि त्यांच्याकडून सबंध आख्यान मागा. वणीच्या जत्रेत, शाळांच्या पटांगणात तेच खेळ न्या. गाणाऱ्याला मानधन द्या, आणि त्याच्याकडे शिकणाऱ्या मुलामुलींना विद्यावृत्ती द्या. कुटुंबाबाहेरचा शिष्य आला तर त्याचे दुप्पट स्वागत करा. भिंतीवर चित्रे, कपाटात बाहुल्या नंतर आपोआप येतील, कारण त्यांना घ्यायला लोक आधीच तयार आहेत. गाण्याला मात्र ऐकणारा आपल्यालाच घडवावा लागेल, आणि तो घडवण्याचे काम पुढच्या पिढीवर ढकलण्याइतका वेळ आता उरलेला नाही.