साक्ष, वृत्त आणि कर्ता

सामाजिक उद्रेकाला कोणते नाव द्यावे, हा प्रश्न वरवर शब्दकोशाचा वाटतो. वस्तुतः तो सत्तेचा असतो. १८५७ ला ‘बंड’ म्हणावे की ‘स्वातंत्र्ययुद्ध’, हा वाद मराठी वाचकाला परिचित आहे. १९९२ च्या एप्रिलअखेरीस अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात जे घडले, त्यालाही कोणी ‘दंगल’ म्हटले, कोणी ‘उठाव’. ‘दंगल’ म्हटले की कथेचा आरंभ पहिल्या आगीपासून होतो. ‘उठाव’ म्हटले की आगीपूर्वीचा काळही विचारात घ्यावा लागतो. कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे एक मोठे कार्य असे, की त्याने कथेचा हा आरंभबिंदू मागे नेला.

३ मार्च १९९१ रोजी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय वाहनचालकाला पोलिसांनी केलेली मारहाण एका रहिवाशाने आपल्या सज्जातून चित्रित केली. ती फीत जगभर दाखविली गेली. चार पोलिसांवरील खटला सिमी व्हॅली या गौरवर्णीयबहुल उपनगरात चालला. ज्यूरीत एकही कृष्णवर्णीय नव्हता. बचावपक्षाने तीच फीत थांबवून, एकेक चित्रचौकट सुटी करून दाखविली आणि जमिनीवर पडलेल्या माणसाच्या हालचालींचा अर्थ ‘प्रतिकार’ असा लावला. २९ एप्रिल १९९२ रोजी चौघेही जवळजवळ सर्व आरोपांतून सुटले. त्यानंतरच्या काही दिवसांत पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढे १९९३ मध्ये संघीय न्यायालयात त्यांपैकी दोघे दोषी ठरले.

या प्रकरणाचा साहित्यविचाराला मिळणारा धडा मोलाचा आहे. चित्र हे पुरावा असू शकते; मात्र ते आपोआप साक्ष होत नाही. चौकटी सुट्या केल्या की कालक्रम तुटतो, आणि कालक्रम तुटला की वेदनाही तुटते. वृत्तमाध्यमांचा दोषही बव्हंशी असाच असतो. १९६७ च्या उद्रेकांनंतर नेमलेल्या केर्नर आयोगाने १९६८ मध्ये वृत्तमाध्यमांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. डेट्रॉइटमधील हानी आरंभी २० ते ५० कोटी डॉलर्स सांगितली गेली. पुढचा सर्वांत मोठा अंदाज साडेचार कोटींचा निघाला. याहून गंभीर निष्कर्ष असा, की माध्यमे गौरवर्णीयांच्या जगातून पाहतात आणि असंतोषाची मूळ कारणे वाचकांपर्यंत पोहोचवीत नाहीत.

हे तुटलेपण साहित्य कसे सांधते? अ‍ॅना डेव्हियर स्मिथ यांचे ‘ट्वायलाइट : लॉस एंजेलिस, १९९२’ हे १९९३ मध्ये रंगभूमीवर आलेले नाटक या दृष्टीने अभ्यसनीय आहे. अनेकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून, त्यांचेच शब्द घेऊन, स्मिथ यांनी सर्व भूमिका एकटीने सादर केल्या. माजी पोलीसप्रमुख, किंगची आत्या, कोरियन दुकानदार स्त्री, ज्यूरीचा सदस्य, अशी परस्परविरोधी माणसे एकाच देहातून बोलतात.

यावर आक्षेप असा घेता येईल, की मारणाऱ्याच्या आणि मार खाणाऱ्याच्या पक्षाला समान रंगमंच देणे म्हणजे विषमता झाकणे होय. हा आक्षेप क्षुल्लक नाही. ‘प्रत्येकाची आपली बाजू असते’ असे म्हणून सुटणारे साहित्य अन्यायाला सोयीचेच ठरते. परंतु स्मिथ यांची पद्धत निराळी आहे. अधिकृत निवेदनातून गाळले जाणारे अडखळणे, पुनरुक्ती, वाक्य अर्धवट सोडणे, हे सारे त्या राखून ठेवतात. त्यामुळे समान अवकाश मिळूनही कोणाची भाषा जबाबदारी टाळते आणि कोणाची दुःखाने मोडते, हे श्रोत्याला ऐकू येते. साक्षीचे साहित्य म्हणजे केवळ दस्तऐवज, हा आपल्याकडचा समज येथे टिकत नाही. निवड आणि लय यांवाचून साक्ष उभी राहत नाही.

क्लॉडिया रँकिन यांचा ‘सिटिझन’ (२०१४) हा गद्यकाव्यसंग्रह वाचकालाच द्वितीय पुरुषी सर्वनामात ओढतो. मराठी अनुवादकापुढे येथे खरा पेच उभा राहतो: ‘तू’ की ‘तुम्ही’? इंग्रजीने जे उघडे सोडले, ते मराठीला ठरवावेच लागते. रस्त्यात अडविणारा पोलीस कोणाला ‘तू’ म्हणतो आणि कोणाला ‘तुम्ही’, यातच आपली समाजरचना बोलत असते. या ग्रंथाच्या पुढील मुद्रणांत मृतांच्या नावांची यादी वाढत गेली. कलाकृती बंद होऊ नये, अशीच जणू इतिहासाने व्यवस्था केली.

मराठी साहित्याचा या परंपरेशी संबंध केवळ वाचनाचा नाही. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. वर्ण आणि जात एकच नव्हेत, हे भान ठेवूनही एक साम्य नाकारता येत नाही. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईतील रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मरण पावले. ‘गोळीबार झाला, दहा ठार’ या वृत्तवाक्यात व्याकरणदृष्ट्या कर्ता आहे तो गोळीबारच, बंदूक धरणारा हात नाही. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला, तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनाने त्याचे वर्णन वैद्यकीय घटना असे केले. वाटेवरच्या एका मुलीने केलेल्या चित्रणामुळे कर्ता वाक्यात परतला आणि २०२१ मध्ये संबंधित अधिकारी दोषी ठरला.

मात्र केवळ चित्रणाने न्याय होतोच असे नाही, हे १९९२ ने दाखविले आहे. म्हणून विद्यार्थ्याने निषेधसाहित्य वाचताना त्यातील क्रोध मोजण्यापूर्वी त्यातील वाक्यरचना पाहावी. कर्ता कोठे आहे, आरंभ कोठे धरला आहे, आणि कोणाला कोणत्या सर्वनामाने संबोधिले आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे देताना समीक्षेला तटस्थतेची आड घेता येत नाही.