शब्द आणि साक्ष

गुड फ्रायडेनंतर आम्ही स्थानिक वृत्तपत्रे काहीशा धास्तीनेच उघडतो. ‘परिसरात गुड फ्रायडे उत्साहात साजरा’ हा मथळा एखाद्या पानावर भेटेल, ही ती धास्ती. कधी त्याच्या जोडीला ‘चर्चमध्ये मिस्सा संपन्न’ असेही वाक्य असते. वास्तविक त्या दिवशी कॅथलिक ख्रिस्तसभेत कोठेही मिस्सा होत नाही. वेदीवर वस्त्र नसते, घंटा मुक्या असतात आणि भाविक उपवास करून प्रभूच्या दुःखसहनाचे स्मरण करतात. मथळा वाचून धर्मग्रामातील वडीलधारी मंडळी दुखावतात आणि ‘फादर, संपादकांना पत्र लिहा’ असा आग्रह धरतात. आम्ही तशी पत्रे लिहिलीही आहेत.

ही चूक द्वेषातून होत नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सण म्हटला की ‘उत्साहात साजरा’ हा ठसा तयारच असतो. बातमीदार तो उमटवतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. आमचा आक्षेप आहे तो या तयार ठशांना. ठसा हाती असला की डोळे उघडून पाहण्याची गरज वाटेनाशी होते.

गुन्हेवृत्ताच्या स्तंभात हेच ठसे अधिक दुखापत करतात. ‘जेरबंद’, ‘गजाआड’, ‘मुसक्या आवळल्या’, ‘नराधम’ या शब्दांना जोर आहे, अचूकपणा नाही. पोलीस संशयिताला पकडतात, पुढे आरोपपत्र ठेवले जाते, खटला चालतो आणि न्यायालयात दोष सिद्ध झाला तरच माणूस गुन्हेगार ठरतो. मथळा मात्र या साऱ्या पायऱ्या एका उडीत ओलांडतो. ‘गुन्हा दाखल’ याचा अर्थ तक्रार नोंदली गेली एवढाच. वाचक तो ‘गुन्हा शाबीत’ असा घेतो.

एखादी तरुण मुलगी जीव देते. पोलिसांच्या दप्तरी ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते, कारण चौकशी व्हायची असते. सकाळच्या अंकात मात्र ‘प्रेमप्रकरणातून आत्महत्या’ असे छापून येते आणि आधार असतो तो ‘असे समजते’ या दोन शब्दांचा. कोणाला समजते? या क्रियापदाला कर्ता नसतो, म्हणून त्याला उत्तरदायित्वही नसते.

बलात्कारपीडितेची ओळख प्रसिद्ध करण्यास पूर्वी भारतीय दंड संहितेच्या २२८-अ कलमाने मनाई होती. २०२४ च्या जुलैपासून भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाने आहे. नाव गाळले की कर्तव्य संपले, असे काहींना वाटते. पण गाव, आळी, वय आणि वडिलांचा व्यवसाय छापल्यावर लहान गावात नावाची गरज कोणाला उरते? कायद्याची मनाई केवळ नावापुरती नाही. ज्यामुळे ओळख पटेल अशा प्रत्येक तपशिलाला ती लागू आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाला मोटारसायकल चोरीच्या संशयावरून पकडले होते. ‘सराईत चोरटा जेरबंद’ अशी बातमी आली. त्याच्यावर त्यापूर्वी एकही तक्रार नव्हती. ‘सराईत’ हा शब्द केवळ सवयीने पडला होता. पुढे खरा माणूस सापडला, मुलगा सुटला. ती बातमी आली नाही. त्याची आई आम्हांस म्हणाली, ‘फादर, पहिली बातमी सगळ्यांनी वाचली. दुसरी मी कोणाकोणाच्या दारात जाऊन सांगू?’

येथे आम्हांस स्वतःकडे वळावे लागते. गुड फ्रायडेच्या मथळ्यावर पत्र लिहा म्हणणाऱ्यांपैकी एकही जण त्या वेळी आमच्याकडे आला नाही. उलट मिस्सेनंतर चर्चच्या आवारात तो अंक हातोहात फिरला. आम्हीही तो वाचला आणि गप्प राहिलो. आपल्या सणाचा शब्द चुकला की आपण जागे होतो. शेजाऱ्याच्या अब्रूचा शब्द चुकला की चवीने वाचतो. आठवी आज्ञा खोट्या साक्षीला मनाई करते, आणि पुरेशा आधाराविना दुसऱ्याला दोषी मानण्याचे पापही ख्रिस्तसभा त्याच आज्ञेखाली मोजते. अशी साक्ष छापणारा देतो, तशीच ती पुढे सांगणाराही देतो.

स्थानिक वृत्तपत्रांचे ऋण आम्ही विसरत नाही. आमच्या गावांचे पाणी, रस्ते, एस.टी.च्या फेऱ्या यांची दखल त्यांच्याइतकी कोण घेते? म्हणूनच त्यांच्याकडे दोन गोष्टी मागाव्याशा वाटतात : माहिती कोणी दिली ते लिहावे, आणि अटकेला जेवढी जागा दिली तेवढीच सुटकेलाही द्यावी.

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. महाराष्ट्रात तो दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतात. परंपरेने तोच तीन राजांचा सण, म्हणजे प्रकटीकरणाचा दिवस. आरशाने समोर असेल तेच दाखवावे. आणि पुढच्या वेळी संपादकांना पत्र लिहावयाचे झाल्यास, सुजाण वाचकहो, ते त्या आईसाठी लिहू या.