उमेदवारीविना जादूगार

जादूच्या प्रयोगाला दोन अंगे असतात. एक प्रेक्षकाला दिसते, दुसरे जादूगार प्रत्यक्षात करत असतो. दुसरे झाकून पहिले उभे करायचे, एवढीच ही कला. त्यासाठी हात, नजर, बोलणे आणि नेमका क्षण यांची जी जुळणी लागते ती उस्तादाच्या हाताखाली पेट्या उचलता उचलता अंगात भिनते. निदान आजवर तशी भिनत आली. महाराष्ट्रात आज जादूगारांना तोटा नाही, पण उमेदवारी केलेला जादूगार सापडणे कठीण झाले आहे.

हातच्या कंकणाला आरसा नको. ठाण्याच्या माजिवडा नाक्यावर पूर्व द्रुतगती महामार्ग, घोडबंदर रस्ता आणि आग्रा रस्ता एकत्र येतात. जुन्या गावठाणाच्या आजूबाजूला जे टॉवर उभे राहिले त्यांच्या क्लबहाउसांत शनिवार-रविवारी वाढदिवस साजरे होतात. सजावट, फुगेवाला, टॅटू, पॉपकॉर्न यांच्या यादीत ‘मॅजिक शो’ ही एक बाब असते. त्यातली रंगवहीची जादू पाहावी. जादूगार वही फर्रकन उलटतो, पाने कोरी असतात. मुलांनी फुंकर मारली की तीच पाने रंगीत होतात. मुले ओरडतात. खरा प्रयोग इथून सुरू व्हायला हवा: पुढच्या रांगेतल्या संशयी पोराच्या हाती वही द्यायची का, दिली तर कधी, आणि तोवर त्याचे डोळे कुठे गुंतवायचे. पण वही पेटीत जाते, पातेले बाहेर येते, झाकण उघडताच चॉकलेटे निघतात आणि अँकर माइक घेऊन पुढचा खेळ पुकारते. पातेले, वही, रिकामी पिशवी हे सारे तयार मिळते, सोबत वापराची चित्रफीतही मिळते. पी हळद आणि हो गोरी.

या कलेची मुळे मदाऱ्याच्या खेळात आहेत. परदेशात भारतीय जादू म्हटली की आकाशात ताठ उभी राहणारी दोरी आठवते. ती १८९० साली शिकागोच्या एका दैनिकाने रचलेल्या बातमीमुळे जगभर गाजली, एवढे सांगून तो विषय सोडावा. मदाऱ्याचे खरे धन म्हणजे वाटी-गोळ्या, आंब्याचे रोप आणि टोपलीतला मुलगा. रंगमंचावर तीन बाजू झाकलेल्या असतात. मदाऱ्याभोवती चारही बाजूंनी कोंडाळे असते, खाली जमीन, वर ऊन. तीन वाट्या आणि कापडी गोळ्या एवढ्या सामानावर तो उभे कोंडाळे फसवतो. गोळी जिथे आहे असे वाटते तिथे ती नसते, कारण बोलण्याच्या ठेक्यावर प्रेक्षकाची नजर आधीच दुसरीकडे नेलेली असते. या खेळातला जमुरा म्हणजे उमेदवार. ‘जमुरे’ म्हटल्यावर ‘जी उस्ताद’ म्हणणारे पोर प्रश्नोत्तरे करत असते, चादरीखाली निजते, शेवटी थाळी फिरवते, आणि रोज शेकडो डोळे कुठे जातात ते जवळून पाहते. हेच त्याचे शिक्षण.

हे शिक्षण कायद्याने मोडले. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करून पैसे घेणे हेही भीक मागण्याच्या व्याख्येत घातले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गारुड्याच्या टोपलीतला साप काढून घेतला. दुसरा कायदा योग्यच होता. पहिल्याने मात्र कलावंताला भिकारी ठरवले आणि त्याबद्दल कोणी फारसे दुःख केले नाही.

रस्त्यावरची ही विद्या रंगमंचावर आणणाऱ्यांत मराठी मुलखाला सर्वांत जवळचे नाव जादूगार रघुवीर यांचे. रघुवीर भोपळे (१९२४–१९८४) पुण्यात शिकत असताना राजस्थानातून आलेल्या एका फिरत्या जादूगाराच्या नादी लागले आणि त्याच्याबरोबर हिंडून विद्या घेतली. एरवी कथा-कादंबऱ्यांत शोभावी अशी ही घटना: शिकायला आलेले पोर एका झाकलेल्या दुनियेत ओढले जाते आणि तिथला चेला होते. तिचे महत्त्व मात्र अद्भुताहून वेगळे आहे. रघुवीर मदाऱ्याच्या जातीत वा कुळात जन्मले नव्हते. त्यांनी बाहेरून येऊन उमेदवारी केली आणि ती विद्या नाट्यगृहातल्या मध्यमवर्गीय मराठी प्रेक्षकापुढे, त्याच्या भाषेत ठेवली. देशोदेशी प्रयोग केले, ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक लिहिले. पुढे मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी तीच वाट धरली. घराण्याबाहेरून घेतलेल्या विद्येचे घराणे झाले. मराठी जादूच्या इतिहासात याहून मोलाची घटना नाही. जी कला फक्त जन्माने मिळते ती एक दिवस संपते; जी फक्त पैशाने मिळते ती सुरूच होत नाही. रघुवीरांनी तिसरा मार्ग दाखवला होता.

रंगमंचावरच्या जादूगारांत पी. सी. सरकार (१९१३–१९७१) यांचे नाव भव्य नेपथ्यासाठी आणि राजेशाही पोशाखासाठी घेतले जाते, तेही चुकीच्या कारणाने. ते गणपती चक्रवर्ती यांचे शिष्य. ९ एप्रिल १९५६ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात त्यांनी करवतीने मुलगी कापली. ती पुन्हा उठताना दिसण्याआधीच कार्यक्रम संपला आणि घाबरलेल्या प्रेक्षकांच्या दूरध्वनींनी बीबीसीच्या तारा अडल्या. करवतीचे यंत्र तेव्हा नवे नव्हते, अनेकांकडे होते. गाजला तो शेवटचा क्षण. यंत्र विकत घेता येते, हा क्षण साधणे उमेदवारीतूनच येते. गोगिया पाशांचे ‘गिली गिली’ आणि के. लाल यांचे झगमगते पडदे आजच्या नकलाकारांनी उचलले. त्यामागची मेहनत तिथेच राहिली. दूरचित्रवाणीवरचे मनकवडे हा आणखी एक प्रकार आहे आणि त्यात बोलण्याखेरीज फारसे काही नाही.

चमत्कारांची पोल खोलणाऱ्या प्रयोगांचा विचार वेगळा करावा लागतो. अब्राहम कोवूर, बी. प्रेमानंद आणि महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हातचलाखी लोकशिक्षणासाठी वापरली. पोटॅशियम परमँगनेटवर तूप म्हणून ग्लिसरीन ओतले की होम मंत्राविना पेटतो, हे शाळाशाळांतून दाखवले गेले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोखही चमत्काराच्या नावावर लुबाडणाऱ्यांवर आहे. तिकीट लावून फसवणाऱ्या रंगमंचीय जादूगाराशी त्याचे वैर नाही. या चळवळीचे ऋण मान्यच आहे. तिच्या नावाने पसरलेला गैरसमज मात्र मान्य करता येत नाही: गुपित राखणे म्हणजे लबाडी आणि उघड करणे म्हणजे विवेक. बाबा आपल्यात शक्ती असल्याचा दावा करतो. जादूगार आधीच सांगतो की आपण फसवणार आहोत, आणि तरीही फसवतो. या प्रामाणिक फसवणुकीला गुपित लागते.

गुपिताचे दुसरे कामही असते, आणि आज तेच कोणाच्या लक्षात येत नाही. गुपित हे उमेदवारीचे दार होते. चेल्याने पेट्या उचलल्या, गोळ्या शिवल्या, फसलेल्या प्रयोगात उस्तादाची लाज राखली, की एकेक युक्ती त्याच्या हाती पडे. युक्ती मिळेपर्यंत ती पेलण्याची ताकद आलेली असे. लंडनच्या मॅजिक सर्कलमध्ये, म्हणजे १९०५ पासूनच्या संस्थेत, आजही परीक्षेविना प्रवेश नाही. उलट १९९० च्या दशकाअखेर अमेरिकेत मुखवटा घातलेल्या जादूगाराने दूरचित्रवाणीवर युक्त्या फोडल्या आणि आता तेच काम अर्ध्या मिनिटाची रील करते. रीलमुळे प्रेक्षक शहाणा झाला, असा दावा केला जातो. प्रेक्षकाला कळली ती युक्ती. कला कळली असती तर वाटी-गोळ्या चारदा पाहूनही तो फसला असता आणि खूश झाला असता. तंबोरा विकत घेतला म्हणून कोणी गवई होत नाही, हे ज्या ठाणे शहरात शास्त्रीय संगीताचे वर्ग भरभरून चालतात तिथे वेगळे सांगायला नको होते.

जमुऱ्याच्या दिवसांकडे परत जावे, असा याचा अर्थ नव्हे. ते पोर शाळेत जात नव्हते, उन्हात निजत होते, आणि बालमजुरीविरोधी कायद्याने ते थांबवले हे चांगलेच झाले. पण उमेदवारीला बाल्य लागत नाही. रघुवीरांसारखा शिकता विद्यार्थी पुरतो. त्याला उस्ताद हवा, काही वर्षे हवीत आणि चुका करायला खरा प्रेक्षक हवा. ठाण्यातले गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर, कल्याणचे अत्रे रंगमंदिर ही घरे जवळच आहेत. सुट्टीत तिथे बालनाट्यांच्या चेटकिणी गर्दी खेचतात. त्यातली एखादी सकाळ चेल्यासह येणाऱ्या जादूगाराला देता येईल. तबल्याला आणि बुद्धिबळाला वर्षानुवर्षे फी भरणारे पालक जादूला मात्र उन्हाळी शिबिराचा एक आठवडा देतात आणि शेवटी पेटी घेऊन घरी येतात. क्लबहाउसच्या यादीत जादूगाराच्या बाबीपुढे चेल्याचेही मानधन धरले, तर त्यातूनच एक शिकणारा तयार होईल. तसे होत नाही तोवर या व्यवसायाची वाढ होईल, जादूची होणार नाही.