‘जेव्हा माणूस जागा होतो’: एक विचार

शहापूर-मुरबाडकडील आदिवासी पाड्यांवर ज्यांचें जाणें-येणें आहे, त्यांस गोदावरी परुळेकर ह्यांचें हें पुस्तक परकें वाटणार नाहीं. १९७० सालीं तें प्रसिद्ध झालें, १९७२ सालीं त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि वारल्यांच्या जागृतीची हकीकत म्हणून त्याची स्तुतीही भरपूर झाली. आमच्या मतें मात्र नांवांतला ‘माणूस’ केवळ वारली नव्हे. जानेवारी १९४५ मध्यें, मुरबाडच्या शेजारींच, टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली, तेव्हां बाई सदतीस वर्षांच्या होत्या. सुशिक्षिताचा संसार ह्याच वयांत स्थिरावतो व मन रितें होऊं लागतें. बाई त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील डहाणू-उंबरगांवकडे वळल्या. वारल्यांच्या झोपड्यांत राहिल्या, त्यांचेंच अन्न जेवल्या, त्यांच्याच भरंवशावर रानवाटा तुडवूं लागल्या. आधार देणारा कोण व घेणारा कोण, हा भेद पानागणिक पुसट होत जातो. पुस्तकाचें बळ आम्हांस तेथें दिसतें, घोषणांत नव्हे. तक्रार एकच. स्वतःच्या थकव्याविषयीं, एकटेपणाविषयीं लिहितांना बाईंनीं हात फार आखडला आहे. चाळिशी ओलांडलेल्या वाचकास नेमकीं तींच पानें हवीं होतीं.