काटक, पण कशापुढे? थंडीचे नकाशे आणि केळशीचं वादळ

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलं की काही शब्द न बोलावता येतात. त्यातलाच एक म्हणजे 'काटक'. 'किनारपट्टीसाठी काटक वृक्षांची निवड' असं शीर्षक दिलं की विषय भारदस्त वाटतो. पण काटक कशापुढे? हा प्रश्न मला स्वतःला बऱ्याच उशिरा पडला, आणि तोही केळशीच्या एका आगरात. म्हणून आज या शब्दाची, आणि तो मोजायच्या सगळ्यात प्रसिद्ध पद्धतीची, जरा झाडाझडती घेऊ.

झाडांचा काटकपणा मोजण्याचं शास्त्र वाढलं ते थंड प्रदेशात. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1960 मध्ये आपला पहिला काटकपणा-नकाशा काढला. कल्पना सोपी आहे. एखाद्या ठिकाणी दरवर्षी हिवाळ्यातलं सगळ्यात कमी तापमान किती उतरतं ते पाहायचं, अनेक वर्षांची सरासरी काढायची आणि देशाचे पट्टे पाडायचे. एक पट्टा 10 अंश फॅरनहाइटचा, म्हणजे साधारण 5.6 अंश सेल्सिअसचा. रोपवाटिकेतल्या चिठ्ठीवर पट्ट्याचा आकडा असतो. आपल्या गावाच्या पट्ट्याशी तो जुळवायचा आणि रोप घ्यायचं. 2023 च्या आवृत्तीत 1991 ते 2020 ची नोंद आणि 13,412 हवामान केंद्रांची माहिती वापरली आहे. एवढी मोठी माहिती इतक्या सोप्या रूपात सामान्य माणसाच्या हातात देणं ही छोटी गोष्ट नाही. टीका करण्याआधी हे मान्य करायलाच हवं.

आता त्रुटी बघा. पहिली 'सरासरी' या शब्दातच आहे. सरासरी नीचांक उणे 20 असेल, तर जवळपास निम्म्या हिवाळ्यांत पारा त्याच्याही खाली जातो. झाड मरतं ते एका रात्रीत. सरासरीने कोणी मरत नाही. दुसरी अशी की नकाशा मागच्या 30 वर्षांचा आणि झाड पुढच्या 50 वर्षांसाठी. 2023 च्या नकाशात अमेरिकेचा सुमारे निम्मा भाग आधीपेक्षा अर्धा पट्टा उबदार दाखवला गेला, म्हणजे जमिनीखालची मोजपट्टीच सरकते आहे. तिसरी त्रुटी आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची: हा नकाशा एकच ताण मोजतो. वारा, खार, जमीन, पाणी यांचा त्यात पत्ताच नाही. या मोजपट्टीवर केळशी बसवली तर ती अगदी वरच्या, सुखाच्या टोकाला जाईल. थंडीने झाड मरायचा प्रश्नच नाही!

आणि तरीही 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा ताशी 100 किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्यात दापोली आणि मंडणगड तालुक्यांतल्या बागा आडव्या झाल्या. केळशी त्यातलीच. माड, पोफळी, आंब्याची कलमं, किनाऱ्यावरचे सुरू, सगळ्यांनाच फटका बसला.

त्यानंतर दोन निष्कर्ष सगळीकडे ऐकू येऊ लागले. 'सुरू कुचकामी, उंडी-करंजच खरे' हा एक. 'जो माड टिकला, त्याचंच बियाणं धरा' हा दुसरा. दोन्ही खरे असूही शकतील. पण पडलेल्या झाडांवरून ते सिद्ध होत नाहीत. का, ते पाहू.

सुरू लावतात कुठे? पुळणीवर, समुद्रासमोर, पहिल्या रांगेत. वाऱ्याचा पहिला तडाखा त्यालाच. त्याच्या आड असलेलं उंडीचं झाड उभं राहिलं, तर श्रेय उंडीच्या मुळांचं की पुढे पडलेल्या सुरूचं? तुलना करायची तर दोन्ही झाडं एकाच रांगेत, एकाच वाळूत, साधारण एकाच वयाची हवीत. आंब्याचंही तसंच. कातळात सुरुंग लावून केलेल्या खड्ड्यातलं कलम आणि खोल मातीतलं कलम, दोघंही हापूसच. पण मुळांना मिळालेली जागा वेगळी. 'हापूस पडला' म्हणताना आपण जातीबद्दल बोलतोय की खड्ड्याबद्दल?

दुसरा घोटाळा मोजणीचा. समजा एका आगरात 40 माड आणि 400 पोफळी आहेत (आकडे काल्पनिक आहेत बरं का). पडले 4 माड आणि 40 पोफळी. बघणारा म्हणणार, पोफळीने दगा दिला. प्रमाण मात्र दोघांचंही 10 टक्केच. वादळानंतर फोटो पडलेल्या झाडांचे निघतात. वादळाआधी किती होती याची नोंद बहुतेक वेळा कुणाकडेच नसते. छेद नसलेला अंश म्हणजे संशोधन नव्हे, हळहळ आहे.

थंड देशांतल्या संशोधकांनी हे चटके आधीच खाल्लेत. फोर्सिथिया नावाचं पिवळ्या फुलांचं झुडूप घ्या. कडक हिवाळ्यानंतर कधीकधी ते फक्त खालच्या फांद्यांवर फुलतं. वरच्या कळ्या थंडीने मेलेल्या असतात. खालच्या बर्फाच्या थराखाली झाकलेल्या, म्हणून वाचतात. म्हणजे बर्फ इथे सुरूच्या रांगेचं काम करतो. आणि 'झुडूप जगलं का?' या प्रश्नाला दोन उत्तरं निघतात: खोड जगलं, फुलोरा गेला. माडाचंही असंच. त्याला वाढीचा शेंडा एकच. वाऱ्याने तो पिळवटला तर खोड उभं दिसतं, पण झाड संपलेलं असतं. वादळानंतर आठवड्याने मोजणी केलीत तर तो माड तुमच्या तक्त्यात 'टिकला' म्हणून जाईल. वर्षाने केलीत तर उलट. मग मोजणी कधी करायची, हे आराखड्यातच लिहायला नको का?

प्रयोगशाळेतली पद्धतही शिकण्यासारखी आहे. फांद्यांचे तुकडे टप्प्याटप्प्याने गोठवतात, मग पाण्यात ठेवतात. पेशी फुटल्या की त्यातले क्षार पाण्यात उतरतात, पाण्याची विद्युतवाहकता वाढते आणि इजा किती झाली ते कळतं. निम्म्या पेशी ज्या तापमानाला मरतात त्याला एलटी-50 म्हणतात. गंमत म्हणजे हा आकडाही स्थिर नाही. जानेवारीत कडाक्याची थंडी सोसणारी फांदी ऑक्टोबरमध्ये त्याहून कितीतरी सौम्य थंडीला मरते, कारण तिची तयारी झालेली नसते. त्यामुळे तारखेशिवाय दिलेला एलटी-50 अर्धवटच. आपल्याकडेही जूनच्या सुरुवातीच्या जमिनीत आणि जुलैच्या चिंब जमिनीत झाडाची पकड सारखी नसते.

कृत्रिम चाचणी करण्याचं कारणही समजून घ्या. तीन-चार वर्षांच्या लागवड-प्रयोगात खरी परीक्षा घेणारा हिवाळा येईलच असं नाही. वादळाचं तर त्याहून कठीण. म्हणून वनशास्त्रात झाडाला दोर बांधून विंचने ओढतात आणि किती जोराला मुळं उचकटतात ते मोजतात. अर्थात, ओढ एका दिशेने आणि संथ असते, वादळ झोडपतं. तुकड्यावरची चाचणी म्हणजे अख्खं झाड नव्हे, ही मर्यादा दोन्हीकडे आहे. पण निदान ताण कोणता आणि किती, हे आपल्या हातात असतं.

केळशीच्या आगरातल्या काकांना मी हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं ठीक रे बाळा, पण आता लावू काय?" उंच जातीचा माड धरायला सहा-आठ वर्षं लागतात. माझा सल्ला चुकला तर माझा एक शोधनिबंध परत येईल. त्यांचं दशक जाईल. मी म्हटलं, "काका, एकच जात सगळीकडे लावू नका, आणि काय कुठे लावलंत ते या वेळी लिहून ठेवा." उत्तर तोकडं होतं. पण एका वादळाच्या पुराव्यावर त्याहून जास्त सांगणं खोटं ठरलं असतं.

तेव्हा आराखड्यात 'काटक' लिहिलंत की शेजारीच चार उत्तरं लिहा: कोणत्या ताणापुढे, वर्षाच्या कोणत्या काळात, किती झाडांपैकी, आणि 'टिकलं' म्हणजे नेमकं काय. चारही लिहिता आली नाहीत, तर तो शब्द सध्या खोडून टाका. व्हायवात कुणी विचारण्याआधी आपणच आपल्याला विचारलेलं बरं.