याकोबसेनचा कोश आणि शेटलंडची अस्मिता

एखादा शब्दकोश ज्या हेतूने रचला गेला, त्याहून निराळ्याच हेतूसाठी त्याला साक्षीस उभे करावे, हा प्रकार भाषाभ्यासकास अपरिचित नाही. याकोब याकोबसेनच्या शेटलंडमधील नॉर्न भाषेच्या व्युत्पत्तिकोशावर हाच प्रसंग ओढवला आहे. स्कॉटलंडने ब्रिटनपासून विभक्त व्हावे की नाही, याविषयी २०१४ साली जनमत घेण्यात आले, तेव्हा एक उपप्रश्न पुढे आला: स्कॉटलंड स्वतंत्र झाल्यास उत्तरेकडील शेटलंड व ऑर्कनी ही बेटे कोणाची? ज्यांनी ‘आम्ही स्कॉट नव्हेच’ असे उत्तर दिले, त्यांच्या हाताशी दोन पुरावे होते. एक इतिहासाचा व दुसरा भाषेचा. पहिला भक्कम आहे. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिश्चन याने आपल्या कन्येच्या हुंड्यापोटी १४६८ साली ऑर्कनी आणि १४६९ साली शेटलंड ही बेटे स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली. गहाण सुटले नाही. बेटे मात्र १४७२ मध्ये स्कॉटिश राजसत्तेस जोडण्यात आली. दुसरा पुरावा वाटतो तितका सरळ नाही, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

याकोबसेन हा फेरो बेटांवरील तॉर्सहाव्हन गावचा. १८९३ ते १८९५ या काळात तो शेटलंडमध्ये हिंडला, वृद्ध कोळ्यांशी व शेतकऱ्यांशी बोलला, आणि नॉर्स मूळ असलेले सुमारे दहा हजार शब्द त्याने टिपून घेतले. १८९७ साली कोपनहेगन येथे त्याला डॉक्टरेट मिळाली. कोशाचे डॅनिश भाषेतील भाग १९०८ पासून निघू लागले आणि शेवटचा भाग त्याच्या मृत्यूनंतर, १९२१ साली, बाहेर पडला. इंग्रजी आवृत्ती १९२८ व १९३२ मधली. एका माणसाने पायी फिरून केलेले हे काम पाहिले म्हणजे आजच्या ध्वनिमुद्रणाच्या सोयींनी सज्ज असलेल्या संशोधकाला थोडे ओशाळल्यासारखे व्हावे!

परंतु या कोशात आहे काय? त्यात वाऱ्याची नावे आहेत, मेंढ्यांच्या रंगांची आहेत, होडीच्या भागांची, खडकांची, दलदलीची आणि माणसाला नावे ठेवण्याची आहेत. एक मोठा वाटा आहे तो खोल समुद्रातील मासेमारीच्या निषिद्ध शब्दांचा. समुद्रावर असताना धर्मोपदेशकाचे नाव घेणे अशुभ. म्हणून त्याला ‘उभा राहणारा’ अशा अर्थाच्या शब्दाने संबोधावयाचे, आणि चर्चला ‘प्रार्थनाघर’ म्हणावयाचे. भाषा किनाऱ्यावर मेली तरी तिचे शब्द होडीत टिकले, ते या भयामुळे. ही घटना मनोज्ञ आहे. पण तिचा अर्थ नीट लावला पाहिजे. जे शब्द दैनंदिन व्यवहारातून उठून विधीत जातात, ते भाषेच्या जिवंतपणाची नव्हे, तिच्या ओसरण्याची साक्ष देतात. आपण टिपलेल्या शब्दांपैकी पुष्कळसे केवळ वृद्धांच्या स्मरणात उरले आहेत, याची जाणीव याकोबसेनलाही होती. कोशात नामे भरपूर आहेत. वाक्ये तुरळक, आणि क्रियापदांची रूपावली तर जवळजवळ नाहीच.

सलग मजकूर म्हणावा असा नॉर्नचा नमुना त्याच्या आधी सव्वाशे वर्षांच्या सुमारास हाती लागला होता. १७७४ साली जॉर्ज लो या धर्मोपदेशकाने फूला बेटावर विल्यम हेन्री नावाच्या वृद्धाकडून पस्तीस कडव्यांचे एक कथागीत उतरून घेतले. लोला ती भाषा मुळीच येत नव्हती. कानाला जे पडले ते त्याने लिहिले. त्या गीताचा अर्थ लावण्यासाठी पुढे हेगस्टाड यांना १९०० साली संपूर्ण ग्रंथ लिहावा लागला. उन्स्ट बेटावरील वॉल्टर सदरलंड १८५० च्या सुमारास वारला आणि त्याच्याबरोबर नॉर्न संपली, असे सांगतात. तथापि त्याला भाषा बोलता येत होती की केवळ काही वचने पाठ होती, हे सांगणे कठीण.

या सामग्रीवरून दोन तट पडले. लाउरिट्स रेन्डबो यांनी १९८० च्या दशकात असे प्रतिपादन केले की नॉर्न अखेरपर्यंत शुद्ध राहिली आणि स्कॉट जमीनदारांच्या जुलमापुढे ती एकदम कोसळली. मायकेल बार्न्स यांनी या मताची जी चिरफाड केली, ती भाषाशास्त्रीय वादविवादाचा आदर्श म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावी. बार्न्स यांचे म्हणणे थोडक्यात असे: लोक आपली भाषा टाकतात तेव्हा ती तुकड्यातुकड्यांनी विटत जाईलच असे नाही, एक पिढी ती आपल्या मुलांशी बोलेनाशी होते, एवढेच पुरे असते. म्हणजे शुद्धताही नको आणि खूनही नको. मला बार्न्स यांचा पक्ष ग्राह्य वाटतो. रेन्डबो यांच्या मांडणीत पुराव्यापेक्षा अनुकंपा अधिक आहे. आणि जुलूम झाला हे खरे असले तरी त्यावरून रूपावली सिद्ध होत नाही.

या कोशाचा सर्वांत विलक्षण वाचक मात्र भाषाशास्त्रज्ञ नव्हता. ह्यू मॅक्डायर्मिड हा स्कॉटिश राष्ट्रवादाचा अध्वर्यू कवी, १९२८ साली स्थापन झालेल्या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय पक्षाचा एक संस्थापक. १९३३ ते १९४२ या काळात तो शेटलंडच्या व्हॉल्से बेटावर राहिला. त्याच्या घराच्या जागेचे नाव ‘सॉडम’ होते. बायबलमधील त्या पापी नगरीशी तिचा संबंध नाही. ‘दक्षिणेकडील घर’ अशा अर्थाच्या नॉर्स नावाचा तो अपभ्रंश. तेथे लिहिलेली त्याची खडकांवरील दीर्घ कविता १९३४ च्या संग्रहात आहे. तिच्यात भूशास्त्राच्या दुर्बोध संज्ञांच्या शेजारी याकोबसेनने वेचलेले नॉर्न शब्द येतात. स्कॉट्स भाषेचे जुने कोश उपसून काव्यभाषा घडवण्याची या कवीला सवयच होती. टीकाकारांनी या ओळींचे कौतुक बहुधा शब्दवैभव म्हणून केले आहे. मला त्यांतली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. कवी त्या प्राचीन नावांनी दगडांना हाक मारून पाहतो, आणि दगड ओ देत नाहीत. ते पाठ फिरवितात. कोशातला शब्द उच्चारल्याने वस्तू आपली होत नाही, याची ही काव्यातील कबुली आहे. राजकीय भाषणांत ही प्रामाणिकता क्वचितच आढळते.

तथापि कवीवरही एक आक्षेप घ्यावयास हवा. व्हॉल्सेच्या कोळ्यांची बोली शेटलंडमध्येसुद्धा वेगळी म्हणून ओळखली जाते. नऊ वर्षे ती कवीच्या कानांवर पडत होती. परंतु त्याने तिच्याऐवजी कोशातील मृत शब्द निवडले. राष्ट्राची भाषा घडवू पाहणाऱ्याला बेटाची चालू भाषा अडचणीची वाटते, ही गोष्ट स्कॉटलंडपुरती मर्यादित नाही.

ती चालू भाषा स्कॉट्स घराण्यातील आहे. नॉर्न तिच्या पोटात आहे, पण सांगाडा स्कॉट्सचा. तिच्यात आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांसारखा एकेरी-आदरार्थी भेद टिकून आहे. प्रमाण इंग्रजीत पूर्ण वर्तमानासाठी ‘असणे’ मागे पडून स्वामित्ववाचक धातू आला. शेटलंडच्या बोलीत ‘असणे’ हेच साहाय्यक क्रियापद सकर्मक धातूंसही लागते. मराठी विद्यार्थ्यास ‘मी पत्र लिहिले आहे’ यातील ‘आहे’मध्ये काही नवल वाटणार नाही, इंग्रजीच्या अभ्यासकास मात्र ते फार वाटते. ही लकब नॉर्नची की अंतर्गत विकासाची, याबद्दल मतभेद आहेत. परक्यांपुढे ही बोली टाकून प्रमाण इंग्रजी बोलण्याच्या प्रयत्नाला शेटलंडचे लोक ‘नॅपिंग’ म्हणतात, आणि त्या शब्दाला थोडा उपहासाचा वास आहे. या बोलीत हाल्डेन बर्जेस याने १८९१ साली कवितासंग्रह काढला. ‘न्यू शेटलंडर’ हे नियतकालिक १९४७ पासून तिला जागा देत आले. जॉन ग्रॅहम यांचा कोश १९७९ सालचा. याकोबसेनच्या कोशाशेजारी तो लहान दिसतो. पण त्यातील शब्द बाजारात चालतात.

आता मतदानाकडे वळू. १९७९ साली स्कॉटिश विधिमंडळाच्या प्रस्तावाला शेटलंडने सुमारे तीनचतुर्थांश मतांनी विरोध केला. १९९७ साली ६२ टक्क्यांहून अधिक मते अनुकूल पडली. २०१४ मध्ये स्वातंत्र्याविरुद्ध ६३.७ टक्के. नॉर्स रक्ताचा सिद्धांत खरा मानला तर ही चढउतार उलगडत नाही, कारण अठरा वर्षांत रक्त बदलत नाही. बदलल्या त्या परिस्थिती. सल्लम व्हो येथे तेल उतरू लागण्यापूर्वीच, १९७४ च्या खास कायद्याने, बेटांच्या परिषदेने बंदरावर हक्क मिळवला होता, आणि त्या उत्पन्नाची सवय झालेल्यांना लंडन व एडिंबरा ही दोन्ही सारखीच दूर वाटत. २०१३ साली तिन्ही बेटपरिषदांनी मिळून मागितले ते सागरतळाचे उत्पन्न व निर्णयाचे अधिकार. २०२० साली शेटलंडच्या परिषदेने स्वशासनाचे मार्ग तपासण्याचा ठराव १८ विरुद्ध २ मतांनी केला, तोही आर्थिक कारणे पुढे करून. उलटपक्षी, जेव्हा नॉर्स वारसा खरोखर न्यायालयात नेला गेला, तेव्हा तो टिकला नाही: सेंट निनियन बेटावर १९५८ साली सापडलेल्या चांदीच्या ठेव्याबाबत जुना उडल कायदा लागू नाही, असा निर्णय १९६३ मध्ये झाला आणि ठेवा राजसत्तेकडे गेला. दर जानेवारीत लर्विकमध्ये व्हायकिंग वेषात होडी जाळतात, ती पहिली होडी १८८९ सालची. बेटांचा ध्वज १९६९ मध्ये दोन विद्यार्थ्यांनी रेखाटला. क्रूस स्कँडिनेव्हियन धाटणीचा, रंग स्कॉटलंडचे. त्यांना बहुधा कोशकारांहून अधिक कळले होते.

फेरो बेटांशी तुलना नेहमी केली जाते. पण तेथे हामर्सहाइम्बने १८४६ साली लेखनपद्धती बसविली ती बोलत्या भाषेला. १९४८ चे स्वशासन आले ते त्या भाषेत शाळा व वृत्तपत्रे उभी राहिल्यावर. याकोबसेन स्वतः त्या चळवळीतला. शेटलंडमध्ये त्याने अशी चळवळ सुचविली नाही, ही गोष्ट त्याचे आजचे भक्त विसरतात.

२०२५ च्या स्कॉटिश भाषा कायद्याने गेलिक व स्कॉट्स या दोन भाषांना अधिकृत दर्जा दिला. शेटलंडची बोली त्यात स्कॉट्सच्या नावाखाली येते. ती स्कॉट्सची पोटभाषा नसून संपर्कातून घडलेली स्वतंत्र भाषा आहे, असे काही अभ्यासक आता म्हणू लागले आहेत. त्यांचा दावा तपासावयाचा तो साहाय्यक क्रियापदांवर, सर्वनामांवर आणि लहान मुलांच्या बोलण्यावर; याकोबसेनच्या दहा हजार शब्दांवर नव्हे.